डबा, पाउच की प्लास्टिकचं पाकीट? टिकवलेल्या मासळीच्या पॅकिंगचा पर्यावरणावर काय परिणाम होतो

किराणा मागवायच्या कुठल्याही ॲपवर 'फिश' असं टाइप करून बघा. ताज्या सुरमईच्या खाली ट्यूनाचे डबे, तयार फिश करीचे पाउच, सोडे आणि सुक्या बोंबलाची पाकिटं, कोळंबीच्या लोणच्याच्या बाटल्या असं बरंच काही दिसेल. ॲप तुम्हाला किंमत सांगतं, वजन सांगतं, किती मिनिटांत घरी येणार तेही सांगतं. पण मासा ज्यात भरलाय त्या वेष्टनाचं पुढे काय होणार, हे तिथे कुठेच नसतं. आज आपण तेच समजून घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगतो. 'यातलं सगळ्यात पर्यावरणपूरक पॅकिंग कोणतं?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, कारण हिशोब दोन आहेत. एक वेष्टन बनवतानाचा आणि दुसरा ते टाकून दिल्यानंतरचा. गंमत अशी की या दोन हिशोबांची उत्तरं बरेचदा एकमेकांच्या उलट येतात. जाहिरातीत मात्र त्यातला सोयीचा तेवढाच एक हिशोब दाखवतात.

मासळीला एवढं पॅकिंग लागतंच कशाला?

मासा मटणापेक्षा लवकर बिघडतो हे आपल्याला माहीतच आहे. त्यातलं तेल हवेतल्या ऑक्सिजनने खवट होतं, ओलाव्याने बुरशी येते, जिवाणू तर टपूनच बसलेले असतात. म्हणून वेष्टनाला ऑक्सिजन, ओलावा आणि प्रकाश अडवावा लागतो, शिवाय वास बाहेर जाऊ द्यायचा नाही. साधा कागद यातलं काहीच करू शकत नाही.

आणि हे विसरायचं नाही की मासा पकडायला बोटीने डिझेल जाळलेलं असतं, बर्फ बनवायला वीज गेलेली असते. वेष्टन कमी केलं आणि मासाच फेकावा लागला, तर तो सगळा खर्च वाया. त्यामुळे 'पॅकिंग म्हणजे नुसता कचरा' असं मी म्हणणार नाही. मुद्दा एवढाच की कोणतं, किती आणि नंतर ते कोण उचलणार.

टिनचा डबा

अन्न बंद भांड्यात उकळून टिकवायची पद्धत फ्रान्सच्या निकोला अपेर याने शोधली. त्यावरचं त्याचं पुस्तक १८१० साली आलं. तो काचेच्या बाटल्या वापरायचा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. डबा उघडायचं ओपनर मात्र यायला आणखी चाळीसेक वर्षं लागली. तोवर लोक छिन्नी-हातोडी घेऊन बसायचे!

आपण ज्याला 'टिन' म्हणतो तो असतो पोलादी पत्रा. त्यावर कथिलाचा अगदी पातळ थर असतो. मासळीच्या डब्याला आतून आणखी एक लेप लागतो, कारण माशातल्या प्रथिनांमधून गंधकाची संयुगं सुटतात आणि ती पत्र्याला काळं पाडतात. हा लेप बरीच वर्षं इपॉक्सीचा असायचा आणि त्यात बिस्फेनॉल-ए हे रसायन असायचं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली या रसायनाची सुरक्षित मानलेली मर्यादा आधीपेक्षा २०,००० पटींनी खाली आणली आणि २०२४ च्या शेवटी युरोपीय संघाने अन्नाच्या वेष्टनात त्यावर बंदी घातली. उद्योगाला बदल करायला मुदत दिली आहे. म्हणजे 'डबा म्हणजे प्लास्टिकमुक्त' हा समज पूर्ण खरा नाही, आत एक पापुद्रा असतोच.

काही डबे, विशेषतः तारलीचे चपटे डबे, पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचे असतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ओळखायचं कसं? फ्रिजवरचं मॅग्नेट लावा. चिकटलं तर पोलाद, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम.

रिटॉर्ट पाउच

'रेडी टू ईट' फिश करी ज्या चकचकीत, जाडसर पिशवीत येते, तिला रिटॉर्ट पाउच म्हणतात. रिटॉर्ट म्हणजे कारखान्यातला मोठा प्रेशर कुकर समजा. मासा शिजवून पाउचमध्ये भरतात, सील करतात आणि मग त्या कुकरमध्ये साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात. बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, म्हणून हा खटाटोप. आतल्या सगळ्यात थंड भागालाही हे तापमान निदान ३ मिनिटं मिळेल एवढी उष्णता पोचवावी लागते.

इथे पाउचचा एक खरा फायदा आहे. डबा जाड आणि गोल, त्यामुळे उष्णता मधोमध पोचायला वेळ लागतो आणि तोवर कडेचा मासा जास्त शिजून जातो. पाउच चपटं असल्याने हे काम लवकर उरकतं. वाफ कमी लागते, शिवाय मासा भुगा होत नाही.

हे तंत्र अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत सैनिकांसाठी विकसित झालं. दुकानात ते पहिल्यांदा आणलं जपानने, १९६८ साली, 'बोन करी' या नावाने. सुरुवातीचं पाउच पारदर्शक होतं आणि त्यातली करी काही महिनेच टिकायची. पुढच्या वर्षी मधे ॲल्युमिनियमचा पापुद्रा घातला आणि तीच करी दोन वर्षं टिकू लागली. आपल्याकडे म्हैसूरच्या संरक्षण अन्न प्रयोगशाळेने आणि मासळीच्या बाबतीत कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या तंत्रावर बरंच काम केलं आहे.

सगळी भानगड त्या पापुद्र्याची आहे. पाउच कापून कडेला नीट पाहिलं तर एकच पिशवी दिसते, पण ते किमान तीन थर असतात. बाहेर छपाई आणि मजबुतीसाठी साधारण १२ मायक्रॉनचं पॉलिएस्टर, मधे तेवढंच पातळ ॲल्युमिनियम, आणि आत सील होणारं पॉलिप्रॉपिलीन, जे ७०-८० मायक्रॉनचं असतं. गोंदाने हे थर असे चिकटवलेले असतात की रिटॉर्टच्या वाफेतही ते सुटत नाहीत. आणि वाफेतही जे सुटत नाही, ते नंतर रिसायकल करणाऱ्यालाही सहज सुटत नाही.

हिशोब पहिला: बनवताना

मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रिकामी वेष्टनं ठेवून पाहिली. पोलादी डबा ३६ ग्रॅम, तेवढ्याच मालाचं पाउच साधारण ६ ग्रॅम. तुमच्या घरच्या ब्रँडप्रमाणे थोडा फरक पडेल, पण सहापटीच्या आसपासचा हा फरक महत्त्वाचा आहे. रिकामे डबे कारखान्यात नेताना ट्रक हवाच वाहून नेतो. पाउच मात्र वहीच्या पानांसारखे एकावर एक बसतात. डब्यात मासा बुडेल एवढं तेल किंवा मीठपाणीही भरावं लागतं. म्हणूनच काही डब्यांवर 'नेट वेट' आणि 'ड्रेन्ड वेट' असे दोन आकडे असतात. पहिला पाण्यासकट, दुसरा निथळलेल्या माशाचा.

आता कार्बनचा अंदाज काढू. खनिजापासून १ किलो ॲल्युमिनियम बनवताना जगात सरासरी १५ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण त्याला प्रचंड वीज लागते. पोलादाला किलोमागे साधारण २ किलो, पातळ कथिलाच्या पत्र्याला त्याहून थोडा जास्त. अडीच धरा.

म्हणजे ३६ ग्रॅमच्या पोलादी डब्यामागे ९० ग्रॅम. ॲल्युमिनियमचा डबा २० ग्रॅमचा आणि नव्या धातूचा धरला तर त्यामागे ३०० ग्रॅम. पाउचमध्ये ॲल्युमिनियम जेमतेम दीड ग्रॅम असतं, त्याचे बावीस-तेवीस ग्रॅम आणि उरलेल्या प्लास्टिकचे दहा-पंधरा धरून ३५ ते ४०. हे कागदावरचं ढोबळ गणित आहे, प्रयोगशाळेचा निकाल नाही. पण दिशा कळायला पुरेसं आहे: बनवतानाच्या हिशोबात पाउच सरळसरळ जिंकतं आणि नव्या ॲल्युमिनियमचा डबा सगळ्यात महाग पडतो.

संशोधनही हेच सांगतं. स्पेनमधल्या गॅलिसियाच्या डबाबंद ट्यूनावर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारखान्याच्या टप्प्यातला सगळ्यात मोठा भार पत्र्याच्या डब्याचा निघाला. पोर्तुगालच्या ऑलिव्ह तेलातल्या तारलीवरच्या २०१५ सालच्या अभ्यासात ॲल्युमिनियमचा डबा पुढे होता. तारली किनाऱ्याजवळ मोठ्या थव्याने सापडते, तिला पकडायला डिझेल कमी लागतं, त्यामुळे तिच्या बाबतीत डब्याचा वाटा जास्त दिसतो. ट्रॉलरने पकडलेल्या कोळंबीचं उलटं असतं. तिथे डिझेलचाच आकडा इतका मोठा की डबा असो वा पाउच, फार फरक पडत नाही. 'इको पॅक' लिहिलेली कोळंबी घेताना हे आठवा.

काचेच्या बाटलीबद्दल थोडक्यात. गोव्याचं कोळंबीचं बलशांव किंवा लोणचं बाटलीत येतं. काच वितळवायला १५०० अंशांची भट्टी लागते आणि बाटली मालाच्या जवळपास निम्म्या वजनाची असते. एकदाच वापरून फेकली तर ती या सगळ्यांत वाईट ठरू शकते. पण आपल्याकडे ती फेकतो कोण? त्यात पुढची दहा वर्षं मेतकूट नाहीतर जिरं राहतं.

हिशोब दुसरा: खाऊन झाल्यावर

पोलादी डबा भंगारवाला घेतो. 'पत्रा' म्हणून, लोखंडापेक्षा कमी भावाने, पण घेतो. पुढे कचऱ्याच्या ढिगातूनही मॅग्नेटने तो ओढून काढता येतो आणि भट्टीत जाऊन पुन्हा पोलाद होतो, कितीही वेळा. ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका. भंगारातून ते पुन्हा बनवताना नव्याच्या तुलनेत साधारण ९५ टक्के ऊर्जा वाचते. म्हणजे पहिल्या हिशोबात ज्याने आपल्याला घाबरवलं, तोच डबा परत भट्टीत गेला तर बराचसा दोष भरून काढतो.

पाउचला भाव नाही. भंगाराच्या दुकानात विचारून बघा, दुकानदार मान हलवेल. कचरा वेचणारी बाई दिवसभर वजनावर कमावते. पाच-सहा ग्रॅमचं, तेलकट, वासाचं पाउच तिने का उचलावं? ते उरतं मग डंपिंगवर, गटारात, नाहीतर कोपऱ्यावरच्या शेकोटीत. नीट गोळा झालंच तर बहुतेकदा सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जळतं. कागदोपत्री त्याला 'ऊर्जा मिळवली' म्हणतात. उघड्यावर जाळण्यापेक्षा ते नक्कीच बरं, पण तो माल पुन्हा वापरात आला असं म्हणता येत नाही.

पुण्यात 'अशाया' या कंपनीने चिप्सच्या पाकिटांपासून गॉगल बनवले, ते २०२३ साली खूप व्हायरल झाले होते. अशा बहुस्तरीय प्लास्टिकमधूनही काहीतरी काढता येतं हे त्यातून दिसलं. पण चिप्सच्या पाकिटावर धातूची नुसती वाफ बसवलेली असते, रिटॉर्ट पाउचमध्ये खरा पत्रा असतो, शिवाय करीचं तेल. काम आणखी अवघड.

मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर या दुसऱ्या हिशोबाचं बिल थेट कोळ्यांकडे येतं. बोंबील पकडतात डोल जाळ्याने. हे पिशवीसारखं जाळं एका जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचं पाणी जे आणेल ते त्यात शिरतं. पूर्वी त्यात बोंबील, जवळा, करंदी यायची. आता त्याबरोबर पिशव्या आणि पाकिटंही येतात. ती निवडून काढण्यात वेळ जातो, जाळी फाटतात. सुक्या बोंबलाचं रिकामं पाकीट बोंबलाच्याच जाळ्यात परत येणं ही इथे कल्पना नाही.

सुक्या मासळीचा वेगळा पेच

सुकी मासळी हा मासा टिकवायचा सगळ्यात कमी ऊर्जेचा प्रकार. वर्सोवा, अर्नाळा, सातपाटीला बांबूच्या मांडवावर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत घालतात. ऊन आणि वारा फुकट, रिटॉर्ट नको, फ्रीज नको. विक्री पोत्यांतून, टोपल्यांतून. पावसाळ्याआधी मुंबईत मरोळच्या सुक्या बाजारात गेलात तर आजही ढीगच्या ढीग उघडे दिसतील.

अडचण सुरू होते ती गिऱ्हाईकाच्या हातात देताना. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी मनाई आहे, कारण शाई अन्नात उतरते. राहिली प्लास्टिकची पिशवी. ओळखीच्या एका कोळीणमावशींना मी विचारलं की एवढ्या पिशव्या कशाला देता. त्या म्हणाल्या, "एका पिशवीत दिलं तर तूच उद्या येशील सांगायला, मावशी, ट्रेनमध्ये लोक नाकाला रुमाल लावून बसले!"

त्यांचं बरोबर आहे. साध्या पॉलिथिनमधून पाणी जात नाही, पण वासाचे रेणू आणि ऑक्सिजन आरामात जातात. वर बोंबलाचे काटे पिशवीला भोकं पाडतात. म्हणून एकात एक तीन पिशव्या. ब्रँडेड पाकीटवाले यावर नायलॉन आणि पॉलिथिन चिकटवलेलं व्हॅक्यूम पाकीट वापरतात. वास अडतो, मासळी जुलैच्या दमट हवेतही टिकते, पण दोन वेगळी प्लास्टिकं चिकटल्यामुळे रिसायकल करणं पुन्हा कठीण. साधी पॉलिथिनची पिशवी तत्त्वतः रिसायकल होते. प्रत्यक्षात सोड्यांचा वास लागलेली पिशवी कुणी घेत नाही.

मला यात सगळ्यात खटकतो तो पाकिटाचा आकार. ५०० ग्रॅम सोडे एका पाकिटात भरण्याऐवजी ५० ग्रॅमच्या दहा पाकिटांत भरले, तर आकार तसाच ठेवूनही प्लास्टिक दुपटीहून जास्त लागतं. ही साधी भूमिती आहे. वर प्रत्येकाच्या सीलची कड आणि लेबल वेगळं. लवकर डिलिव्हरीच्या ॲपवर नेमकी हीच छोटी पाकिटं वर दिसतात.

कायदा काय म्हणतो, आणि फोनवर काय दिसतं

प्लास्टिक कचरा नियम २०१६ साली आले तेव्हा रिसायकल न होणारं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करा, असं त्यात होतं. २०१८ च्या दुरुस्तीत शब्द बदलले: जे रिसायकल होत नाही, ज्यातून ऊर्जा मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, फक्त तेच बंद. सिमेंटच्या भट्टीत जळतंय ना? मग चालेल. एका दुरुस्तीने अख्खी बाजारपेठ वाचली, असं माझं मत आहे.

२०२२ पासून उत्पादकाची विस्तारित जबाबदारी ठरली. वेष्टनांचे वर्ग केले. प्लास्टिकबरोबर ॲल्युमिनियमसारखा दुसरा पदार्थ असलेलं पाउच तिसऱ्या वर्गात येतं, नायलॉन-पॉलिथिनचं पाकीट दुसऱ्या. या दोन्ही वर्गांसाठी रिसायकलचं उद्दिष्ट २०२४-२५ ला ३० टक्के होतं आणि २०२७-२८ पर्यंत ६० टक्के व्हायचं आहे.

१ जुलै २०२५ पासून ही माहिती पाकिटावर बारकोड किंवा क्यूआर कोडमधून द्यायची तरतूदही आहे. तेव्हा पाकीट हातात आलं की स्कॅन करून बघा, नाहीतर छापलेला नोंदणी क्रमांक शोधा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर कंपनीची नोंदणी तपासता येते. पण यातून नेमकं काय कळतं ते समजून घ्या. कंपनी नोंदलेली आहे, एवढंच. तुमचं पाउच कुणी उचलेल असा त्याचा अर्थ नाही. कंपनी स्वतःचं पाउच परत घेत नाही. त्याच वर्गातलं, तेवढ्या वजनाचं प्लास्टिक दुसऱ्या कुणीतरी रिसायकल केल्याचं प्रमाणपत्र विकत घेते. या व्यवहारात बनावट प्रमाणपत्रं असल्याचं २०२३ साली मंडळाच्याच तपासणीत उघड झालं होतं.

नवं काय येतंय?

सगळा अडथळा ॲल्युमिनियमच्या पापुद्र्याचा, म्हणून तोच काढायचा प्रयत्न चालू आहे. त्याऐवजी प्लास्टिकवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा इतका सूक्ष्म लेप देतात की ऑक्सिजन अडतो, पण पाउच जवळजवळ एकाच प्लास्टिकचं राहतं. धातूचा पत्रा नसल्याने ते मायक्रोवेव्हमध्येही चालतं. २०२० साली नेदरलँड्समध्ये अशा रिसायकल होणाऱ्या रिटॉर्ट पाउचची सुरुवात झाली ती मांजरांच्या खाण्यापासून! आपल्याकडच्या फिश करीत ते सगळीकडे यायचं आहे. आणि ते आलं तरी भंगारवाल्याने त्याला भाव दिला पाहिजे, नाहीतर त्याचाही पत्ता डंपिंगच.

मग घ्यायचं काय?

घराजवळ पत्रा घेणारा भंगारवाला असेल तर मी पाउचपेक्षा पोलादी डबा घेतो. ॲल्युमिनियमचा डबाही चालेल, पण तो भंगारात जाणार याची खात्री असेल तरच. डबा गरम पाण्याने घासत बसू नका. तेल भाकरीच्या तुकड्याने पुसून खा, नाहीतर जुन्या कागदाने पुसा. निघालेलं झाकण डब्यात टाकून तोंड दाबून बंद करा, म्हणजे कचरा हाताळणाऱ्याचा हात कापत नाही.

पाउच घेतलंच तर कोपरा पूर्ण तोडून वेगळा करू नका, तो तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. पुसून सुक्या कचऱ्यात द्या, जाळू नका.

सुकी मासळी मे महिन्यात एकदम घ्या, घरून डबा घेऊन जा आणि थेट त्यातच भरून आणा. घरी आल्यावर एक दिवस कडक उन्हात टाकून मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरली, तर ती पावसाळाभर टिकते. कोकणातल्या घरांमध्ये हे आधीपासून चालत आलंय. डबा पुढे केला तर मावशी कुरकुरतात, कारण डब्याचं वजन वजा करावं लागतं. हल्ली बऱ्याच जणींकडे इलेक्ट्रॉनिक काटा असतो. रिकामा डबा ठेवून 'टेअर'चं बटण दाबायला सांगा.